पिण्यास योग्य

आमच्या गावचं पाणी पिण्यास योग्य होतं. तसं लेखी होतं. ग्रामपंचायतीच्या खोलीत, दोन पुढाऱ्यांच्या तसबिरींच्या मधोमध, काचेच्या चौकटीत तो कागद लटकत असे. त्यावर जांभळा गोल शिक्का होता आणि खाली कुणालाही वाचता न येणारी सही होती. गावात पाहुणा आला की अण्णा, म्हणजे माझे वडील आणि गावचे सरपंच, त्याला आधी त्या कागदापुढे उभं करत, देवळात नेऊन उभं करावं तसं. पाहुण्याने तो मोठ्याने वाचावा अशी त्यांची अपेक्षा असे. ज्याला वाचता येत नसे त्याला अण्णा स्वतः वाचून दाखवत आणि ‘पिण्यास योग्य’ या शब्दांपाशी आले की घसा साफ करायला थांबत. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, रोह्याला मावसआत्याकडे राहून मॅट्रिक झाले होते आणि लग्न ठरेपर्यंत घरी होते. त्या कागदात माझाही हात आहे हे मला ठाऊक होतं. अण्णांनाही ठाऊक होतं. त्याबद्दल आम्ही दोघं बोलत नव्हतो, एवढंच.

चिंचखोलला यायचं तर रोहा-नागोठणे रस्त्यावरच्या फाट्यावर एस.टी.तून उतरायचं आणि डोंगराच्या अंगाला तासभर चालायचं. चाळीसेक घरं, खाली भाताची खाचरं, भात निघालं की त्याच जमिनीत वाल. आमचं घर गावात सगळ्यांत उंचावर होतं आणि सार्वजनिक विहीर आमच्या परसाच्या उताराखाली, त्यामुळे सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात पहिला आवाज शिरायचा तो रहाटाचा. त्या रहाटाला कुणी कधी तेल घातलं नाही. तो कुरकुरायचा, मध्येच थांबायचा, मग कळशी कठड्यावर आपटायची आणि बायकांचं बोलणं सुरू व्हायचं. स्वयंपाकघरात आई तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची. सोललेल्या वालांच्या बिरड्याला फोडणी पडली की तो वास ओटीपर्यंत यायचा, आणि बिरडं नसेल त्या दिवशी सुकट. माझा थोरला भाऊ, दादा, धाटावला एका कंपनीत लागला होता. तिकडेच चौघांत खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. तो आला की घरात पहिली पाळी, दुसरी पाळी असे शब्द ऐकू यायचे आणि आई त्याच्या ताटात वाढताना उगाचच घाई करायची, जणू भोंगा होणार आहे.

दादाची बायको, माझी वहिनी, गडबची. गडब हमरस्त्यावर, तिच्या माहेरचं किराणा दुकान रस्त्याला लागून, त्यामुळे ती गाड्यांच्या आवाजात वाढलेली. आमच्याकडे आल्यावर तिला पहिले कित्येक दिवस करमलं नाही. “तुमच्याकडे गो, कोंबडं आरवलं तरी पाहुना आल्यासारखं वाटतं,” असं ती म्हणायची. हसायला लागली की थांबायची नाही. भरलेली कळशी कमरेवर असतानाही हसायची आणि निम्मं पाणी पायवाटेवर सांडायची. मला बहीण नव्हती. वहिनी आल्यावर मला पाण्याला जायचा कंटाळा येईनासा झाला, यावरून काय ते समजावं. त्या वर्षी तिला दिवस गेले होते. ती दिवसभर काहीतरी आंबट मागायची आणि आई तिला चिंच चोरून द्यायची, कारण गरोदर बाईने चिंच खाऊ नये असं आईनेच तिला सांगितलेलं होतं.

गावात दुसरी एक विहीर होती, शेगुलामावशींची. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी. तेलाचा घाणा त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपर्यंत चालत होता, शनिवारी बंद असायचा म्हणून त्या घराला म्हातारी माणसं अजून शनवार तेल्यांचं घर म्हणत. नवरा वारलेला, दोन्ही मुलगे इस्राएलला गेलेले. त्यांचं आडनाव चिंचखोलकर. गावाचं नाव आडनाव म्हणून लावणारं गावात तेवढं एकच घर होतं आणि त्यातलंच एकेक माणूस गाव सोडून चाललं होतं. मावशींच्या विहिरीला उंच दगडी कठडा होता आणि वर फळ्यांचं झाकण. तिथे स्वतःची बादली विहिरीत सोडायची कुणाला परवानगी नव्हती. मावशींचीच बादली, मावशींचाच दोर, आणि आधी हात धुवायचे. त्या कठड्याजवळ उभ्या राहून पाहत असत. “हात बघू,” म्हणायच्या. मोठ्या माणसांनासुद्धा. एवढ्यासाठी बहुतेक बायका तिकडे जात नसत. पाणी भरायचं की परीक्षा द्यायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे मलिदा असला की मात्र आम्ही मुलं हात दाखवत पळत जायचो. गूळ, खोबरं घातलेले पोहे आणि वर फळांच्या फोडी. हात स्वच्छ असतील त्याला आधी मिळायचा.

अण्णांच्या कारकिर्दीतलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे संडास. त्याआधी गावातला प्रत्येक माणूस टमरेल घेऊन माळावर जायचा आणि त्यात कुणाला काही वाईट वाटत नव्हतं. पण अण्णा तालुक्याला एका शिबिराला जाऊन आले आणि त्यांच्या बोलण्यात ‘शास्त्रोक्त’ हा शब्द शिरला. गावाला वळण लावायचं तर सरपंचाच्या घरापासून सुरुवात झाली पाहिजे, म्हणून परसात, उताराच्या अगदी कडेला, जिथे मुरूम भुसभुशीत आणि खणायला सोपा, तिथे शोषखड्डा घेतला गेला. त्याच्या बरोबर खाली, वीस-पंचवीस पावलांवर, सार्वजनिक विहीर. खड्डा खणत होते तेव्हा शेगुलामावशी वाटेने चालल्या होत्या. त्या थांबल्या.

“सरपंच, खड्डा विहिरीच्या डोक्यावर कशाला घेतलाव?”

“शेगुलाबाय, हा शास्त्रोक्त संडास हाय,” अण्णा म्हणाले. “मधी जमीन हाय ना. जमीन गाळून घेते.”

“जमिनीला विचारलाव काय?” असं म्हणून मावशी पुढे गेल्या. खणणारे हसले. अण्णाही हसले, कारण तेवढं हसणं सरपंचाला शोभतं.

उद्घाटनाला सभापती आले. फीत कापली, फोटो काढला, कोनशिला बसली. आता सभापतींनी आत जावं की जाऊ नये यावर थोडा वेळ घोळ झाला, पण ते शहाणे होते, त्यांनी नुसतं आत डोकावून “वा” म्हटलं. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना तिथे जाण्याची सक्ती झाली. आलेल्या पाहुण्याला तर गरज असो वा नसो, अण्णा स्वतः बादली भरून आणून द्यायचे. नागोठण्याचा व्यापारी, पेणहून आलेले सोयरे, मतं मागायला आलेले पुढारी, कुणाचीही सुटका नव्हती. आत ठेवायला फिनेलच्या बाटल्या आल्या. घरात औषध नसलं तरी चालायचं, फिनेल संपता कामा नये.

आता तो कागद. पंचायतीचे ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, पाण्याचे नमुने घ्यायला दोन बाटल्या घेऊन आले. बाटल्या सार्वजनिक विहिरीतून भरायच्या आणि तपासायला पाठवायच्या होत्या. दिवस उन्हाळ्याचे, मी रोह्याहून सुट्टीला आलेले, विहिरीचं पाणी खोल गेलेलं, रहाटाचा दोर तुटलेला. भाऊसाहेब कठड्यावरून खाली वाकले आणि त्यांना घेरी आल्यासारखं झालं. मावशींच्या अंगणात मात्र सावली होती आणि बादली वर काढून ठेवलेली होती. तिथे त्यांनी बाटल्या भरल्या. मग त्या आमच्या ओटीवर आणल्या आणि म्हणाले, “वत्सला, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. जरा चिठ्ठ्या लिही. गाव चिंचखोल, सार्वजनिक विहीर.”

“पण हे मावशींकडचं ना?” मी विचारलं. मी त्यांना तिथे बाटल्या भरताना पाहिलं होतं.

भाऊसाहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी आढ्याकडे पाहिलं. “पानी शेवटी जमिनीतलंच,” अण्णा म्हणाले. “खालून समदं एकच.”

मी लिहिलं. अक्षराची कुणी स्तुती केली की मी तेव्हा काहीही लिहून दिलं असतं. महिन्याभराने अहवाल आला, पिण्यास योग्य, आणि तो चौकटीत गेला. पुढच्या खेपेला दोर तुटलेला नव्हता, तरीही भाऊसाहेब सरळ मावशींच्या अंगणात गेले. एकदा चांगला आलेला निकाल कोण कशाला बिघडवील? मीही सरळ दौत घेऊन बसले. कुणी सांगावंसुद्धा लागलं नाही.

हा कागद असल्यामुळे आणखी एक सोय झाली. विहिरीत टाकायला टीसीएल पावडरीचं पिंप यायचं, पण ज्या विहिरीचं पाणी योग्य आहे तिच्यात औषध कशाला? शिवाय वास यायचा आणि त्या पावडरीने पुरुषांचं काहीतरी होतं अशी गावात समजूत होती. नक्की काय होतं ते बायकांसमोर कुणी बोलत नसे. मग ती पांढरी पावडर तरुण मंडळींनी कबड्डीचं मैदान आखायला नेली. आमच्या कबड्डीच्या मैदानाइतकं निर्जंतुक मैदान त्या काळी जिल्ह्यात नसावं.

गणपती झाले आणि भाद्रपद संपता संपता गावात लोक आजारी पडू लागले. आधी बारीक ताप, जेवणावरची वासना उडालेली, मग डोळे पिवळे. कावीळ. एका घरात दोघं, दुसऱ्यात चौघं. गावाला कारणं चटकन सापडली. कुणी म्हणालं फाट्यावरचा गारीगारवाला, कुणी म्हणालं विसर्जनाच्या प्रसादात काहीतरी होतं. डोंगरापलीकडून कावीळ उतरवणारा एक म्हातारा आला. तो रोग्याच्या हाताला कसलीशी पूड चोळायचा आणि चुन्याच्या निवळीत हात बुडवायला सांगायचा. निवळी पिवळीजर्द व्हायची. “बघा, उतरली,” म्हणायचा. मी हळूच त्याच पातेल्यात माझा हात बुडवला, त्याची पूड माझ्याही बोटांना लागली होती, आणि धडधाकट माझ्या हातूनही तेवढीच पिवळी कावीळ उतरली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात पदराला पुसून बाजूला झाले.

मग वहिनीचे डोळे पिवळे झाले. तिला सातवा महिना होता. हसणं तर सोडाच, ती बोलायचीही नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

सरकारी आरोग्य केंद्रातून एक डॉक्टरीणबाई जीपने फाट्यापर्यंत आणि तिथून चालत आल्या. वयाने वहिनीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “पिण्याचं पाणी कुठलं?” अण्णा याच प्रश्नाची वाट पाहत होते. ते पंचायतीत गेले आणि चौकट भिंतीवरून काढून, काखेत धरून घेऊन आले. बाईंनी कागद दोनदा वाचला. त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण कागदावर शिक्का होता. “मग दुसऱ्या खाजगी विहिरी असतील,” त्या म्हणाल्या. “ज्यांची तपासणी झालेली नाही, त्या सगळ्यांत आजच टीसीएल टाका. आणि पाणी सगळ्यांनी उकळूनच प्यायचं.” त्यांना त्या दिवशी आणखी दोन गावं करायची होती.

तपासणी न झालेली विहीर गावात एकच होती. कबड्डीतून उरलेली सगळी पावडर भाऊसाहेबांनी एकदम मावशींच्या विहिरीत ओतली, आणि त्या पाण्याचा घोट घेववेना. अख्ख्या गावात एकच स्वच्छ पाणी, ते औषध टाकून बंद झालं, आणि जिला औषध हवं होतं ती विहीर कागदाच्या भरवशावर उघडी राहिली. आज हे लिहिताना हसू येतं. पेणला माझ्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. त्याच्यावर निळा दिवा लागतो, आणि वर्षातून तीनदा एक मुलगा येऊन, काडीएवढं उपकरण पाण्यात बुडवून, “आजी, एकदम ओके,” असं सांगून जातो. मी दर वेळी त्याला विचारते, “तू पिशील का यातलं?” तो माझ्याकडे म्हातारीकडे पाहावं तसं पाहतो.

आईने पाणी उकळलं. डॉक्टरीणबाईंचा शब्द तिने अगदी जीव लावून पाळला. मोठ्या तपेल्यात पाणी खळखळ उकळायचं. पण वहिनीला गरम पाणी घोटवत नव्हतं, ते लवकर गार व्हावं म्हणून आई त्यात अर्धी कळशी ताजं पाणी घालायची, विहिरीवरून नुकतं आणलेलं. आणि मग एकेक पेला वहिनीला पाजायची, “पी गो बाय, उकळलेलं हाय,” म्हणत. मी दारात उभी राहून हे पाहायची. मला सगळं माहीत होतं. चार दिवस मी काही बोलले नाही. बोलले तर अण्णांचं काय होईल, माझं काय होईल, भाऊसाहेब काय म्हणतील, असल्या गोष्टी डोक्यात यायच्या, आणि तेवढ्यात आई पुढचा पेला भरायची.

पाचव्या दिवशी सकाळी मी शेगुलामावशींकडे गेले. त्या कठड्यावर बसून बादलीवर बादली उपसून ओतत होत्या. अंगणभर टीसीएलचा वास.

“मावशी, ते नमुने तुमच्या विहिरीचे होते,” मी म्हटलं. “चिठ्ठ्या मी लिहिल्या. सार्वजनिक विहीर म्हणून.”

मावशींनी बादली खाली ठेवली. “भाऊसाहेब बाटल्या भरायचा तेव्हा मी विचारलेलं, कशाला रे? तर म्हनतो कसा, मावशी, तुमच्याकडचं पानी गोड, घरी न्यायला.” त्यांनी बादली पुन्हा विहिरीत सोडली. मग म्हणाल्या, “आनि हे तू मला कशाला सांगतेस? मी काय डॉक्टरीन हाय?”

त्याच दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. ओटीवर अण्णा, भाऊसाहेब आणि गावातले पाच-सहा जण बसले होते. खाण्यातून कशी कावीळ पसरली असेल यावर चर्चा चालली होती. मी आतून चहा घेऊन आले, कप खाली ठेवले आणि उभी राहिले.

“बाई, तो कागद सार्वजनिक विहिरीचा नाही. शेगुलामावशींच्या विहिरीचा आहे. चिठ्ठीवर खोटं मी लिहिलं.”

कुणी चहाला हात लावला नाही. भाऊसाहेब एकदम आपल्या चपला शोधू लागले. अण्णा सावरले ते सगळ्यांच्या आधी, शेवटी सरपंच होते. “पोरीलाबी झालेली दिसते,” ते म्हणाले. “काविळीत मानूस बरळतो. बघा जरा हिला.”

डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी माझी मान वर केली आणि अंगठ्याने खालची पापणी ओढून, उजेडाकडे वळवून, एक डोळा पाहिला, मग दुसरा. इतका वेळ कुणी माझ्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. “हिचे डोळे स्वच्छ आहेत, सरपंच,” त्या म्हणाल्या. “विहीर कुठे आहे?”

सगळे उतारावरून खाली गेले. बाईंनी बाटली स्वतः भरली. चिठ्ठी मात्र माझ्याकडूनच लिहून घेतली, आणि मी लिहीत असताना त्या शेजारी उभ्या होत्या. मग त्यांनी वर पाहिलं. “ते वर काय बांधलंय?”

“संडास,” अण्णा म्हणाले. आणि अशा वेळीसुद्धा त्यांच्याने राहवेना. “शास्त्रोक्त. सभापतींच्या हस्ते उद्घाटन झालेलं हाय.”

बाईंनी विहीर आणि संडास दोन्ही ताबडतोब बंद करायला सांगितलं. अण्णा म्हणाले, अहवाल येऊ दे. नवा कागद येईपर्यंत जुना कागद खरा, आणि जुन्यात योग्य लिहिलेलं आहे. जमलेल्यांनी माना डोलावल्या. त्यांचाही नाइलाज होता, मावशींच्या पाण्याला पावडरीचा वास आणि त्यापुढचं पाणी नदीवर. अहवालाला तीन आठवडे लागणार होते. बाई त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्या आत गेल्या, वहिनीला तपासलं, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “हिला मी आत्ता रोह्याला नेते.” वहिनी हाक मारली तरी नीट डोळे उघडत नव्हती. चौघांनी तिला डोलीत घालून फाट्यापर्यंत नेलं. धाटावला दादाला निरोप गेला. मी दूरवर डोलीबरोबर चालले, मग वाट निमुळती झाली आणि मला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा घरी आला. कंपनीचा निळा सदरा तसाच अंगात होता. वहिनी वाचली होती. मूल, मुलगी होती ती, मेलेलीच जन्मली. दादाने एवढं सांगितलं आणि तो ओटीच्या खांबाला टेकून खाली बसला. मी डॉक्टरीणबाईंना पुढे एकदा विचारलं होतं, मी चार दिवस आधी बोलले असते तर? त्या म्हणाल्या, हा आजार अंगात शिरून बाहेर दिसायला महिना लागतो, चार दिवसांनी काही फरक पडला नसता. ते वाक्य मी आयुष्यभर औषधासारखं घेत आले आहे. पण चिठ्ठ्या मी त्याआधी दोन वर्षं लिहीत होते, त्याबद्दल मी त्यांना काही विचारलं नाही.

आई रडली नाही. ती उठली, संडासातल्या फिनेलच्या होत्या तेवढ्या बाटल्या तिने एकेक करून उघडल्या आणि सगळ्या आत ओतल्या. मग वरून बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. आम्हाला वाटलं दुःखाने तिचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर विहिरीवरून बायकांचा गलका ऐकू आला. ओढलेल्या बादलीला वास येत होता. एकीने ती दुसरीच्या नाकाशी धरली, दुसरीने तिसरीच्या. तो वास गावात एकाच ठिकाणी असायचा आणि सगळ्यांच्या ओळखीचा होता. आई तिथेच उभी होती.

“अवो,” तिने वर पाहून अण्णांना हाक मारली. चारचौघांत तिने त्यांना हाक मारल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. “खाली या जरा. जमीन काय गाळते ते बघून जा.”

अण्णा उतरून आले. बायका बाजूला झाल्या. त्यांनी बादलीवर वाकून वास घेतला, आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं ते आता काहीतरी म्हणतील, कुणीतरी मुद्दाम ओतलं असं, किंवा शास्त्राचं काहीतरी. ते वर गेले, पहार घेतली आणि संध्याकाळपर्यंत तो संडास स्वतःच्या हाताने पाडला. कुणाची मदत घेतली नाही. कोनशिला तेवढी शाबूत राहिली, ती पुढे बरीच वर्षं कपडे धुवायला कामाला आली. सभापतींच्या नावावर साबण चांगला चोळला जायचा.

गावाने दुसऱ्याच दिवशी शेगुलामावशींच्या दारात रांग लावली. वास गेला होता. मावशींनी कुणाला मागचं काही ऐकवलं नाही. कठड्याजवळ उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, “हात बघू.” भाऊसाहेबांना मात्र त्यांनी दोनदा धुवायला लावले. तीन आठवड्यांनी अहवाल आला, पिण्यास अयोग्य. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, तो फाइलीत गेला. मावशी पुढे तीन-चार वर्षांनी मुलांकडे इस्राएलला गेल्या. जाताना विहीर गावाला दिली आणि बादली बरोबर नेली म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही, तोवर माझं लग्न झालं होतं.

वहिनी रोह्याहून आमच्याकडे आली नाही, सरळ गडबला माहेरी गेली. दादा दोनदा जाऊन रिकामा परत आला. शेवटी भाताच्या लोंब्या पिवळ्या पडल्या होत्या तेव्हा एके सकाळी अण्णांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, “चल.” सुनेला आणायला सासऱ्याने जाण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि अण्णा तर कुणाच्या दारात काही मागायला कधी गेले नव्हते. नागोठण्याला एस.टी. बदलून आम्ही गडबला उतरलो.

दुकानात वहिनीचा भाऊ गिऱ्हाईक करत होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि मागच्या बाजूला बोट केलं. पडवीत वहिनीची आई तांदूळ निवडत बसली होती. तिने बसा म्हटलं नाही. अण्णा आपणच बाकड्याच्या टोकावर बसले, मी शेजारी. बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांच्या हादऱ्याने फळीवरचे डबे वाजायचे. मला वाटलं हे असंच संध्याकाळपर्यंत चालणार. मग वहिनी बाहेर आली. हाडं वर आली होती, डोळे मात्र पांढरे होते. तिच्या हातात पाण्याचा पेला होता. तिने तो अण्णांपुढे धरला.

अण्णांनी पेला घेतला. पण तो तोंडाला लावला नाही. दोन्ही हातांत धरून ते पाण्याकडे पाहत राहिले. वहिनीच्या आईने तांदूळ निवडायचं थांबवलं.

“प्या, मामंजी,” वहिनी म्हणाली. “उकळलेलं हाय.”

अण्णांनी पेला तोंडाला लावला आणि न थांबता रिकामा केला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आनखी देऊ?” वहिनीने विचारलं. अण्णांनी पेला पुढे केला.

ती त्या दिवशी आमच्याबरोबर आली नाही. कुणी तिला चल म्हणालंही नाही. भाताची झोडणी आटोपल्यावर एका दुपारी ती एकटीच फाट्यावर उतरली आणि तासभर चालत गावात आली. तिच्या डोक्यावर पाणी उकळायचं एक मोठं, नवं कोरं पातेलं होतं.